जुन्या रॉक क्रॉलरचे गिअर मिळवायचे कुठून?

दूरनियंत्रकावर चालणाऱ्या छोट्या मोटारींमध्ये 'रॉक क्रॉलर' हा प्रकार वेगासाठी नव्हे, तर चिकाटीसाठी ओळखला जातो. दगडावरून दगडावर मुंगीच्या गतीने चढणे हेच त्याचे काम. बालाघाटच्या रांगांमुळे बीड जिल्ह्यात दगडधोंड्यांची वाण नाही. मात्र नव्या क्रॉलरची किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर असल्याने शौकिनांची नजर वापरलेल्या गाडीकडे वळते आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते. गाडी स्वस्तात पदरी पडते. चार दिवसांत आसाचे गिअर कर्र कर्र वाजू लागतात आणि परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावी त्याचा सुटा भाग मिळण्याचा प्रश्नच नसतो.

या गाडीची शक्तिवहन यंत्रणा ट्रॅक्टरवाल्यांना परकी वाटू नये. मोटरच्या दांड्यावर पिनियन, त्यापुढे स्पर गिअर आणि गिअरबॉक्स, तेथून दोन्ही आसांकडे जाणारे प्रोपेलर शाफ्ट आणि प्रत्येक आसात क्राऊन-पिनियन. ट्रॅक्टरचालक चिखलात पायाने दाबतो तो 'डिफरन्शियल लॉक' बहुतेक क्रॉलरमध्ये कायमचाच लागलेला असतो. एक चाक दगडात अडकले की सारा ताण क्राऊन-पिनियनवर येतो, आणि दात झडतात ते तेथेच.

तरीही भाग मागवण्यापूर्वी गाडी उघडून पाहणे शहाणपणाचे. मोटर फिरते, पण गाडी हलत नाही, अशा वेळी अनेकदा पिनियनचा बारीक ग्रब स्क्रू सैल झालेला असतो किंवा चाकामागची पिन तुटलेली असते. पहिला दोष ॲलन कीने मिटतो. दुसऱ्यासाठी जाडी जुळणाऱ्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा कापून वापरला, तरी काम भागते. दात खरोखरच झडले असतील, तरच पुढचा खर्च करावा.

सुटा भाग शोधताना गाडीच्या नावाइतकीच मापे महत्त्वाची असतात. गिअरच्या दातांचे माप 'पिच' किंवा 'मोड्यूल'मध्ये सांगितले जाते. ते काढण्याची रीत सोपी आहे : गिअरचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून त्याला दातांच्या संख्येत दोन मिळवून भागायचे. १४ दातांच्या पिनियनचा व्यास १२.७ मि.मी. भरला, तर भागाकार सुमारे ०.७९ येतो, म्हणजे तो ३२ पिचचा. तेवढ्याच दातांचा ४८ पिचचा पिनियन जेमतेम साडेआठ मि.मी. भरतो. या दोहोंची जोडी कधीच जमत नाही, आणि अंदाजाने मागवणाऱ्याचे पैसे हमखास येथेच बुडतात. मोटरच्या दांड्याची जाडीही पाहावी. ५४० आकाराच्या सर्वसाधारण मोटरला ती ३.१७ मि.मी. असते, तर मोठ्या ब्रशलेस मोटरला ५ मि.मी.

बेअरिंगचे मात्र तसे नाही. ते जगभर क्रमांकावर चालतात. ५×११×४ मि.मी.चे बेअरिंग 'एमआर ११५' आणि १०×१५×४ चे '६७००' म्हणून ओळखले जाते. ट्रॅक्टर आणि पाणीपंपांच्या बेअरिंग दुकानात एवढा बारीक माल सहसा नसतो. पण क्रमांक लिहून दिला, तर दुकानदाराला तो मोठ्या शहरातून मागवता येतो. काळ्या मातीची धूळ लक्षात घेता पत्र्याच्या झाकणाच्या 'झेडझेड'पेक्षा रबरी सीलचे 'टूआरएस' बरे. लेथवाल्याकडून सरळ दांडे आणि पिना करून मिळतील. क्राऊन-पिनियन मात्र त्याच्या आवाक्यातला नाही. त्याला दात पाडण्याचे वेगळे यंत्र लागते आणि एका नगासाठी ते कोणी लावत नाही.

म्हणूनच कोणती गाडी घेतली, याला महत्त्व येते. ऍक्सियल कंपनीच्या 'एससीएक्स-१०'च्या आसात ३८ आणि १३ दातांची जोडी असते आणि तिचे पोलादी पर्याय इतर उत्पादकही बनवतात. २०१८ मध्ये ऍक्सियलची पालक कंपनी हॉबिको दिवाळखोरीत निघाली आणि हा ब्रँड होरायझन हॉबीकडे गेला, तरी भागांचा ओघ आटला नाही. ट्रॅक्ससच्या २०१७ च्या 'टीआरएक्स-४'चीही तीच गोष्ट. डब्ल्यूपीएल, एमएन या स्वस्त चिनी छोट्या गाड्यांचे धातूचे गिअर संच ऑनलाइन मिळतात. खरी पंचाईत होते ती नाव नसलेल्या, खोक्यावर नुसते 'रॉक क्रॉलर' लिहिलेल्या गाडीची. तिचा गिअर गेला, की गाडी गेली. तशी गाडी कितीही स्वस्त मिळाली, तरी महागच.

प्लास्टिकच्या जागी पोलादी गिअर घालण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात एक मेख आहे : गिअर मजबूत झाला, की ताण पुढच्या दुबळ्या भागावर, म्हणजे शाफ्टवर किंवा हाउसिंगवर जातो. स्लिपर क्लच असलेल्या गाडीत तो आवळून न टाकता किंचित सैल ठेवल्यास हे टळते. शिवाय पुढच्या आसाचा संच बदलताना दातांची संख्या मागच्या आसाशी जुळते ना, हेही पाहावे. पुढे ३८:१३ आणि मागे ४३:१३ अशी सरमिसळ नकळत झाली, तर दोन्ही आस एकमेकांशी भांडत राहतात.

परदेशातून माल मागवणे पूर्वीइतके सोपे उरलेले नाही. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर, तर २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्क्यांवर गेले. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांचे सुटे भाग या दुसऱ्या वाढीतून वगळण्यात आले. 'भेटवस्तू' म्हणून पार्सल सोडवून घेण्याची पळवाट डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. सवलत उरली ती राखी आणि जीवरक्षक औषधांना. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने बंदी घातलेल्या ४३ ॲपमध्ये अलीएक्स्प्रेस होते, आणि स्वस्त भागांचा सरळ मार्ग त्याबरोबर गेला. त्यामुळे देशातील विक्रेत्याकडे भाग शिल्लक असेल, तर थोडे जास्त मोजूनही तेथूनच घेणे परवडते. मागणी नोंदवताना जुन्या गिअरचे पट्टीसह छायाचित्र, दातांची संख्या आणि दांड्याचे माप सोबत पाठवावे. जुनी गाडी घेतानाच विक्रेत्याकडे तिचे माहितीपत्रक मागून घेतले, तर यातील बरीच मोजमापे वाचतात. त्यात प्रत्येक भागाचा क्रमांक छापलेला असतो.