बजावणी : उंबरठ्यावरच्या कागदाचा इतिहास

'बजावणे' हे क्रियापद मराठीत दोन अर्थांनी वावरते. 'त्याला चांगले बजावून सांगितले' असे आपण म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनावर ती गोष्ट ठसली पाहिजे असा आग्रह त्यात असतो. 'समन्स बजावले' असे म्हणतो, तेव्हा मात्र एक कागद एका माणसापर्यंत पोहोचला एवढेच अभिप्रेत असते. तो कागद त्याला उमगला की नाही, हा प्रश्न शिल्लकच राहतो. आपल्या दिवाणी न्यायाचा बराचसा इतिहास या दोन अर्थांमधल्या अंतरात घडला आहे. ते अंतर पायी चालून जाणारा माणूस म्हणजे बेलीफ. न्यायाधीश, वकील, साक्षीदार यांच्याविषयी आपण पुष्कळ वाचतो. बेलीफ कथा-कादंबऱ्यांत जप्तीच्या प्रसंगी दारात क्षणभर उभा राहतो आणि निघून जातो. वस्तुतः न्यायालयाचा शब्द आणि माणसाचे दार यांना जोडणारा दुवा तोच आहे. त्याच्या नावाची व्युत्पत्तीही बोलकी आहे : इंग्रजी 'बेलिफ' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून लॅटिन 'बायुलुस'पर्यंत मागे जातो, आणि 'बायुलुस' म्हणजे ओझेवाला.

पेशवाईच्या काळात धनको आणि ऋणको यांच्यामध्ये असा कागद क्वचितच असे. मागणी करणारा स्वतःच दाराशी येई. तकाजा आणि धरणे ही त्याची मान्य साधने होती. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात तकाज्याच्या पायऱ्या नोंदवल्या आहेत : साध्या पिच्छा पुरवण्यापासून ते पहारा बसवणे, अन्न रोखणे आणि डोक्यावर दगड देऊन एका पायावर उभे करणे येथपर्यंत. सरकारी शिपाई पाठवला गेला, तर त्याचा खर्च, म्हणजे 'मसाला', ज्याच्याकडे तो जाई त्याच्याच माथी बसे. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र तिच्यात एक गोष्ट निःसंदिग्ध होती. आपल्यावर मागणी झाली आहे, हे ऋणकोला कळले नाही असे होणे शक्य नव्हते.

इंग्रजी अमलाने ही दंडेली बेकायदा ठरवली. १८६० च्या भारतीय दंड संहितेत दैवी कोपाची भीती घालून दाराशी धरणे धरणे हा अपराध मानून त्याचे उदाहरणच दिलेले होते. ती संहिता १ जुलै २०२४ पर्यंत अमलात होती. त्याआधीच्या वर्षी, १८५९ मध्ये, दिवाणी प्रक्रियेचा पहिला अखिल भारतीय कायदा झाला. आता धनकोने दाराशी बसायचे नाही. न्यायालयात दावा लावायचा, न्यायालयाने समन्स काढायचे आणि नाझराच्या हाताखालच्या शिपायाने ते प्रतिवादीला नेऊन द्यायचे. दाराशी येणाऱ्या माणसाची जागा कागदाने घेतली. तत्त्व म्हणून हा बदल मोठाच होता. दुसऱ्या पक्षाचे ऐकल्याशिवाय निवाडा करू नये, हे न्यायाचे जुने सूत्र आहे. परंतु दुसऱ्या पक्षाचे ऐकायचे तर त्याला बोलावणे पोहोचले पाहिजे.

ते न पोहोचण्याची किंमत दख्खनच्या शेतकऱ्याने मोजली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी सावकारांच्या घरादुकानांवर जमाव चालून गेला आणि पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. या दंग्यांमागे जमीनमहसुलाची वाढ, अमेरिकन यादवीनंतर कोसळलेले कापसाचे भाव, व्याजाचे चक्र अशी अनेक कारणे होती व त्यांची चर्चा आपल्याकडे झालेली आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने एक तपशील महत्त्वाचा आहे. जमावाचा रोख माणसांवर फारसा नव्हता, तो कागदांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे हस्तगत करून जाळणे हा त्याचा प्रमुख हेतू होता, असे सरकारी चौकशीतच नमूद झाले.

हुकूमनामे का जाळावेत? कारण त्यांतील पुष्कळसे एकतर्फी होते. कर्जाच्या दाव्यात प्रतिवादी हजर राहत नसे आणि वादीच्या कागदावर विसंबून निकाल होई. गैरहजेरीची कारणे अनेक असत : न्यायालय दूर, हंगामाचे दिवस, वकिलाचा खर्च, सावकाराने दिलेले 'तू येऊ नकोस, मी पाहून घेतो' असे आश्वासन. पण याच यादीत एक कारण असे होते, की जे कागदावर कधीच दिसू शकत नव्हते. समन्स गावापर्यंत आलेच नाही आणि तरीही 'बजावले' असा शेरा परत गेला, तर तो शेरा खोटा ठरवणार कोण? प्रतिवादी निरक्षर, गावाचे लिखाण कुलकर्ण्याच्या हाती आणि साक्षीला उभा राहणारा इसम बहुधा सावकाराचाच देणेकरी. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा लिहित्या कचेरीपुढे अक्षरशून्य शेतकरी किती असहाय होतो, हाच त्यांच्या विवेचनाचा एक मध्यवर्ती धागा होता.

या पार्श्वभूमीवर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा वाचावा. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन देण्याघेण्याचा पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार दिला, हे सर्वश्रुत आहे. त्याच कायद्यातील दोन कमी चर्चिल्या गेलेल्या तरतुदी मात्र आपल्या विषयाशी थेट भिडतात. शेतकरी प्रतिवादीवरचा दावा तो जिथे राहतो तिथल्याच न्यायालयात लावावा, ही एक. आणि प्रतिवादीची साक्षीदार म्हणून स्वतः तपासणी करावी, ती अनावश्यक वाटल्यास कारणे लेखी नोंदवावीत, ही दुसरी. म्हणजे कागद परत आला एवढ्याने काम भागणार नव्हते. माणूस समोर यायला हवा होता. या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केलेल्यांत महादेव गोविंद रानडे यांचे नाव आहे. 'बजावणे' या शब्दाचे दोन अर्थ एकत्र आणण्याचा तो एक प्रामाणिक प्रयत्न होता, असे म्हणता येईल.

आज बेलीफ ज्या नियमांनी बांधलेला आहे, ते १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील पाचव्या आदेशात आहेत. ते कथनाचा अभ्यास करणाऱ्यांनी मुद्दाम वाचावेत असे आहेत. शक्य तोवर समन्स खुद्द प्रतिवादीच्या हाती द्यावे. त्याची सही घ्यावी. त्याने ती नाकारली, किंवा योग्य शोध घेऊनही तो सापडला नाही, तर घराच्या बाहेरील दारावर प्रत चिकटवावी आणि मूळ कागद अहवालासह परत करावा. त्या अहवालात प्रत कोणत्या परिस्थितीत चिकटवली, घर कोणी ओळखून दाखवले, कोणाच्या समक्ष चिकटवली, हे नावापत्त्यासह लिहावे. काळ, स्थळ, पात्रे, घटना आणि साक्षी असे सारे घटक त्या चार ओळींच्या शेऱ्यात असतात. फरक एवढाच, की इथे निवेदक अविश्वसनीय असेल तर कोणाचे तरी घर जाते. म्हणूनच संहितेने या निवेदकाला शपथेवर तपासण्याची सोय ठेवली आहे.

याच नियमांत एका सामाजिक बदलाची खूणही सापडते. प्रतिवादी घरी नसेल तर त्याच्या कुटुंबातील कोणाकडे समन्स द्यावे? मूळ तरतूद होती 'प्रौढ पुरुष' सदस्याची. दिवसा पुरुष शेतावर आणि घरात बाई. तरी कायद्याच्या लेखी त्या घरात कागद घेण्याजोगे कोणी नसे. १९७६ च्या दुरुस्तीने स्त्री वा पुरुष असा भेद काढून टाकला. बाईचे कर्तेपण मान्य झाले, हे स्वागतार्हच; पण तिला तो कागद वाचता येतो का, ही जुनी अडचण तिच्यासोबत उंबरठ्यावर आली.

कागद घेऊन जाण्यासाठी माणूस पात्र कसा ठरवावा, हा प्रश्न इतरत्रही सुटलेला नाही. आपल्याकडे बेलीफ हा जिल्हा न्यायालयाच्या आस्थापनेवरील नोकर असतो. अमेरिकेत हे काम अनेक ठिकाणी खाजगी व्यक्ती करतात. फ्लोरिडामध्ये परीक्षा, शपथ आणि जामीन यांच्या आधारे स्थानिक सर्किट न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश त्यांना प्रमाणित करतात. तरीही खोट्या बजावणीसाठी तिथे 'सुअर सर्व्हिस' असा शब्दच रूढ आहे : कागद गटारात टाकायचा आणि तो दिल्याचे शपथपत्र करायचे. सुप्यापासून इतक्या दूर, वेगळ्या भाषेत, गरीब ऋणकोवरचा एकतर्फी निकाल त्याच वाटेने येतो. २०१० मध्ये न्यूयॉर्क शहराने परवानाधारकांवर बजावणीच्या जागेची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवण्याचे बंधन घातले, ते याच कारणाने.

आपल्याकडेही आता बेलिफाच्या हाती मोबाइल आला आहे. ई-न्यायालय प्रकल्पातील 'एनस्टेप' या व्यवस्थेत तो कुठे आणि केव्हा पोहोचला याची जागच्या जागी नोंद होते. १० जुलै २०२० रोजी, कोरोनाच्या काळात, सर्वोच्च न्यायालयाने ईमेल आणि व्हॉट्सअॅपसारख्या साधनांनी समन्स पाठवण्यास मुभा दिली. बेलीफ दारापर्यंत गेला होता की नाही, या दीडशे वर्षांच्या वादावर उपग्रह साक्ष देऊ लागला आहे. ही सुधारणा लहान नाही.

मात्र उपग्रह बेलिफाचे ठिकाण सांगतो, दारात काय घडले ते सांगत नाही. बेलिफाने हाक मारली का, शेजाऱ्याला विचारले का, थरथरत्या हाताने अंगठा उठवणाऱ्या म्हातारीला 'आजी, हा कोर्टाचा कागद आहे, तारीख चुकवू नका' असे सांगितले का, हे तोच जाणतो. नियम त्याच्याकडून हे शेवटचे वाक्य मागत नाहीत. त्याने ते उच्चारले तर कायद्याच्या दृष्टीने काही अधिक घडत नाही. पण मराठीच्या दृष्टीने समन्स तेव्हाच बजावले जाते.