वेदीवस्त्रांचा दोरा आणि त्याची जपणूक

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवमंदिराची बांधणी, धर्मगुरूंची नामावळी, घंटा व मूर्ति अर्पण करणाऱ्या दात्यांचे उल्लेख हे यावयाचेच. आणि ते यावे हें योग्यच आहे. परंतु मिस्साबलीच्या वेळीं ज्या शुभ्र वस्त्रावर ख्रिस्तशरीर ठेविलें जातें, त्या वस्त्राच्या कडेवरील बोटभर क्रूस कोणत्या दोऱ्यानें भरला, तो दोरा कोठून आला, आणि उरलेली लड कोणी कशी जपून ठेविली, ही हकीकत सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. दोरा ही वस्तु क्षुद्र खरी. पण तिचा इतिहास क्षुद्र नाहीं, आणि आपल्या घोटीसारख्या पावसाळी गांवीं तर तिची जपणूक हा लहानसा पराक्रमच होय.

भरतकामाच्या दोऱ्याचा मान पवित्र शास्त्राइतकाच जुना आहे. निर्गमाच्या पुस्तकांत निवासमंडपाचें वर्णन येतें, तेथें हस्तकुशल स्त्रियांनीं निळें, जांभळें व किरमिजी सूत कातून आणिल्याचें सांगितलें आहे आणि अहलियाब या कारागिराचा निर्देश कशिदा काढणारा म्हणून केला आहे. याकोबाचें म्हणून ओळखलें जाणारें एक प्राचीन लिखाण आहे. ख्रिस्तसभेनें तें पवित्र शास्त्रांत गणिलेलें नाहीं, परंतु चित्रकारांनीं त्याचा भरपूर उपयोग केला. त्यांत मंदिराच्या पडद्यासाठीं सूत वांटतांना चिठ्ठ्या टाकिल्या व जांभळें आणि किरमिजी सूत मरियेच्या वांट्यास आलें, अशी कथा आहे. कथेचें प्रामाण्य कांहींही असो; ज्या घरांत सूत चिठ्ठ्या टाकून वांटितात, त्या घरांत तें रंगवार वेगळें बांधून ठेवणारें कोणी तरी असलें पाहिजे, एवढें मात्र तिजवरून उघड होतें.

आतां ज्या टाक्यासाठीं हा दोरा मुख्यत्वें लागतो त्याविषयीं. एकमेकांस छेदणारे दोन तिरपे टाके मिळून जी फुली होते, तिला आपल्या बायका फुलीचा टाका म्हणतात. हा टाका मिशनच्या शाळांनीं प्रथम इकडे आणिला असा समज आहे; तो अर्धाच खरा होय. बेळगांव-धारवाडकडील कसूती नांवाच्या कशिद्यांत गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार टाके आहेत, आणि त्यांतील मेंथी, म्हणजे मेथीचा टाका, हा फुलीचाच टाका होय. इरकली लुगडें नेसणाऱ्या मराठी स्त्रियांस तो परका नव्हता. कॉन्व्हेंटांतील धर्मभगिनींनीं आणिलें तें त्याचें निराळें प्रयोजन. युरोपांत हा टाका प्रथम शोभेसाठीं नव्हे, तर कापडावर खूण करण्यासाठीं शिकवीत. चादरी, टॉवेल व वेदीचीं वस्त्रें एकाच भट्टींत उकळावयाचीं, तेव्हां कोणतें वस्त्र कोणाचें हें कळण्यास अक्षरें व आंकडे तांबड्या दोऱ्यानें फुलीफुलीनें काढीत. मुलींस प्रथम एका तुकड्यावर सर्व अक्षरें काढावयास लावीत. त्या तुकड्यानें सुई आणि मुळाक्षरें दोन्ही एकदमच शिकून होत.

तांबडाच दोरा कां, असें कोणी विचारील. उकळत्या पाण्यांत टिकणारा व दुरून दिसणारा रंग म्हणून. आपल्याकडे मंजिष्ठ व आल यांच्या मुळांपासून पक्का तांबडा रंग करीत. मंजिष्ठाच्या मुळांत ज्या द्रव्यामुळें रंग येतो, तें द्रव्य १८६८ सालीं ग्रेबे व लीबरमान या दोघां जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं डांबरापासून कृत्रिम रीतीनें तयार केलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत मंजिष्ठ व आल यांची शेती बसली. तांबडा दोरा स्वस्त झाला व गरिबाच्या सुईपर्यंत पोंचला. परंतु शेतकऱ्यांचें एक पीक बुडालें, हेंही त्याच हिशेबांत मांडिलें पाहिजे.

दोऱ्याच्या कारखान्यांत फ्रान्सच्या अल्सास प्रांतांतील म्युलूझ गांवचा कारखाना विशेष प्रसिद्ध आहे. १७४६ सालीं तो निघाला तो दोऱ्यासाठीं नव्हे, तर हिंदुस्थानी छिटांच्या नकला छापण्यासाठीं. अशा कापडास तिकडे ‘अँदिएन’, म्हणजे हिंदुस्थानी, असेंच म्हणत. १८०० सालीं कारखान्यास डॉलफस-मीग हें जोडनांव मिळालें. त्याच्या डी. एम. सी. या आद्याक्षरांची चिठ्ठी असलेली लड आज गांवोगांवच्या भरतकामाच्या पेटींत सांपडते. इंग्रज रसायनज्ञ जॉन मर्सर यानें १८५० सालीं सुतावर कॉस्टिक सोड्याची क्रिया करण्याचा हक्क नोंदविला, आणि पुढें १८९० च्या सुमारास होरेस लो यानें तेंच सूत ताणून धरून क्रिया केली असतां त्यास रेशमासारखी चकाकी येते हें दाखविलें. साध्या कापसास रेशमाची कळा आली ती अशी. तेरेझ द दिलमॉं या ऑस्ट्रियन विदुषीनें १८८६ सालीं हस्तकामाचा जो जाडजूड कोश प्रसिद्ध केला, तो याच कारखान्याच्या आश्रयानें. त्याचीं अनेक भाषांत भाषांतरें झालीं. आपल्याकडे अँकर छापाचा दोराही तितकाच चालतो. तें नांव स्कॉटलंडांतील पेझ्लीच्या कोट्स घराण्याशीं जोडलेलें आहे.

या लडींची रचना ध्यानांत घेण्याजोगी आहे. लड सुमारें ८ मीटर लांब, आणि दोरा सहा पेडांचा. फुलीच्या टाक्यास त्यांतले बहुधा दोनच पेड सुईंत ओंवितात. अर्ध्या मीटरचे तुकडे केले तर एका लडीचे १६ तुकडे होतात आणि दोन दोन पेडांप्रमाणें ४८ वेळां सुई ओंवितां येते. याहून लांब दोरा घेतला तर तो कापडांतून वारंवार जाऊन झिजतो. लडीवर दोन चिठ्ठ्या असतात व एकीवर रंगाचा क्रमांक असतो. माझ्या मतें, दोरा जपणाऱ्यास कारखानदारांनीं दिलेली सर्वांत मोठी देणगी चकाकी नव्हे. हा क्रमांक होय. तांबडा म्हणून मागितलें तर दुकानदार दहा तांबडे पुढें टाकील. ३२१ म्हणून मागितलें तर एकच. मात्र एका छापाचा क्रमांक दुसऱ्यास चालत नाहीं. डी. एम. सी. चा काळा ३१०, तर अँकरचा ४०३. चिठ्ठी फेंकून दिली कीं दोरा अनाथ झाला.

सुईची ही विद्या आपल्या प्रांतीं आणणाऱ्यांत धर्मभगिनींचा वांटा मोठा. फ्रान्समधील लिओं हें रेशमाचें शहर. तेथें क्लॉडिन थेव्हने हिनें अनाथ मुलींस आश्रय देऊन रेशीमकामांत लाविलें व १८१८ सालीं येशू-मरिया संघाचा पाया घातला. तिला १९९३ सालीं संतपद मिळालें. तिच्या संघाच्या भगिनी १८४२ सालीं आग्र्यास आल्या व पुढें मुंबई-पुण्याकडेही आल्या. अनाथ मुलीस स्वतःच्या हातचें काम मिळावें, मग तिला कोणाच्या दयेवर राहावें लागूं नये, हा त्यांचा हेतु. देवमंदिराचीं वस्त्रें हें त्या विद्येचें दुसरें फळ. थळ घाटांतील लोहमार्ग १८६५ सालीं इगतपुरीपर्यंत पुरा झाला, तेव्हांपासून मुंबईच्या बाजारांतील जिन्नस आपल्या या बाजूस सुलभतेनें येऊं लागला. दोऱ्याची लड तर पत्राच्या पाकिटांतही मावते.

लड आली, पण ती ठेवावी कशी? जुन्या युरोपांत हाडाच्या वा शिंपल्याच्या तारकाकार चकत्यांवर दोरा गुंडाळीत. चीनमध्यें कोरलेल्या शिंपल्याच्या चकत्या तर आतां संग्रहालयांत मांडून ठेवितात. दुसरी रीत वेणीची. लड कापून सारखे तुकडे करावे, त्यांची सैल वेणी घालावी, आणि वरच्या टोंकाकडून हवा तो दोरा अलगद ओढून घ्यावा. बाकीचे हलत नाहींत. जिला मुलीच्या केसांची वेणी घालतां येते तिला ही रीत शिकवावी लागत नाहीं, आणि तिला खर्चही नाहीं. तिसरी रीत भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्याची: प्रत्येक भोंकांत एकेक रंग अडकवून शेजारीं क्रमांक लिहावयाचा. हातीं घेतलेल्या कामास हीच सर्वांत सोयीची. चवथी आपल्या घरचीच आहे. पान-सुपारीची चंची, जिला खणावर खण असतात, तींत सुपारीऐवजीं लडी घालाव्या. गुंडाळली कीं कमरेस खोंचतां येते. परदेशीं खलाशी व शिपाई सुईदोऱ्यासाठीं अगदीं अशीच खणांची गुंडाळी बाळगीत. येवल्याच्या विणकरांचीं घरें पाहिलेल्यांस ठाऊक असेल कीं, पैठणीचें रेशीम लडीवरून कांडीवर येईपर्यंत अर्धी मेहनत गुंता न होऊं देण्याचीच असते.

परंतु घोटीकरांस गुंत्याहून मोठा शत्रु म्हणजे दमट हवा. इगतपुरीच्या घाटमाथ्यावरचा पाऊस जून ते सप्टेंबर थांबत नाहीं. भाताच्या खाचरांस तो अमृत, पण कपाटांतील कापसास नव्हे. कोरड्या दिसणाऱ्या सुतांतही हवेंतलें पाणी वजनाच्या शेंकडा आठांच्या आसपास असतें, आणि पावसाळ्यांत तें वाढतें. मग बुरशीचे ठिपके पडतात, कसर लागते. पुष्कळजणी पावसाच्या तोंडावर लडी प्लास्टिकच्या पिशवींत घट्ट बांधितात. तसें केल्यानें आंतील दमट हवा आंतच कोंडते. पिशवी बांधावयाची तर ती उन्हाळ्यांत, दोरा पुरता सुकला असतां बांधावी. कोवळें ऊन डब्यास द्यावें, दोऱ्यास देऊं नये. उन्हानें रंग उडतो. टांचणी लावून ठेवूं नये, कारण गंजाचा डाग निघत नाहीं. छापील वर्तमानपत्रांत गुंडाळूं नये, शाई लागते. बिस्किटांचा पत्र्याचा डबा उत्तम, मात्र आंत धुतलेल्या पांढऱ्या कापडाचें अस्तर हवें. आणि वेदीवस्त्रावर दोरा वापरण्यापूर्वीं तो भिजवून पांढऱ्या फडक्यावर चोळून पाहावा. विशेषतः तांबडा. क्रूसाचा रंग वस्त्रांत उतरला तर तें वस्त्र वेदीस नेण्याजोगें राहत नाहीं.

येथें एक धर्मनियम सांगण्याजोगा आहे. १९१७ च्या धर्मविधानांत मिस्साचें पात्र व वेदीचीं वस्त्रें यांस धुण्यापूर्वीं धर्मसेवकांनींच, किंवा ज्यांच्या स्वाधीन त्यांची राखण आहे त्यांनींच स्पर्श करावा, असें कलम होतें. एरव्हीं सामान्य जनांस दूर ठेवणाऱ्या त्या काळांतही राखणदारास हा मान कायद्यानेंच दिला होता. तें विधान १९८३ सालीं बदललें, परंतु वस्त्रें राखणाऱ्या भगिनींचें काम बदललें नाहीं. त्याच काळांत वेदीचीं वस्त्रें तागाचीं वा जवसाच्या खोडाच्या धाग्याचींच असावीं, कापसाचीं नसावीं, असाही निर्बंध होता. जवस आपल्याकडे तेलासाठीं पेरतात, वस्त्रासाठीं नाहीं, म्हणून तें कापड बहुधा समुद्रापलीकडून येई.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं वस्त्रांत डामडौल नको, उदात्त सौंदर्य असावें, असें सांगितलें. १९६७ सालीं डाव्या हातावरील पट्टा सक्तीचा राहिला नाहीं, आणि १९६९ नंतर मृतांच्या मिस्साचें काळें वस्त्रही ऐच्छिक झालें. हा फेरफार योग्य होता, अशी माझी समजूत आहे; पण त्याच्या धांदलींत कित्येक ठिकाणीं भरजरी जुनीं वस्त्रें पेटींत गेलीं व त्यांचे दोरे त्यांच्याहि आधीं गेले. आज एखाद्या जुन्या हिरव्या वस्त्रावरील द्राक्षवेल उसवली तर ती दुरुस्त करण्यास हात मिळतात, पण तो हिरवा मिळत नाहीं. कारखान्याच्या एका वेळच्या रंगाई व दुसऱ्या वेळच्या रंगाईंतही सूक्ष्म फरक पडतो. मग पन्नास वर्षांनंतरची गोष्ट बोलावयासच नको.

यास्तव ज्या भगिनींकडे वस्त्रांचें कपाट आहे, त्यांनीं दोऱ्याच्या डब्यांत एक वही ठेवावी. एका पानावर एकच वस्त्र: कोणतें, कोणत्या सालीं भरलें, दोऱ्याचा छाप व क्रमांक, किती पेड ओंविले, आणि पानाच्या कडेस प्रत्येक रंगाचा वीतभर दोरा टांक्यानें गुंतवून ठेवावा, डिंकानें चिकटवूं नये, कारण डिंकास कसर लागते. पानाच्या खालीं भरणारणीचें नांव लिहिण्यास जागा सोडावी.