एका वाद्यवृंदाच्या तबकड्या आणि त्यांचे देशपरत्वे पाठभेद

ध्वनिमुद्रिकेचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग करताना अभ्यासक सहसा एक गोष्ट गृहीत धरतात : अमुक नावाची तबकडी लंडनमध्ये निघाली, तेव्हा तीच न्यूयॉर्कला आणि मुंबईलाही निघाली असणार. विजेच्या गिटारवर प्रामुख्याने वाद्यसंगीत वाजविणारे जे वृंद १९६० च्या सुमारास उदयास आले, त्यांच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. ब्रिटनमधील ‘द शॅडोज’ या वृंदाचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

हँक मार्विन, ब्रूस वेल्च, जेट हॅरिस व टोनी मीहन हे चौघे गायक क्लिफ रिचर्ड याचे साथीदार. (क्लिफचा जन्म १९४० साली लखनौस झाला, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.) वृंदाचे आधीचे नाव ‘ड्रिफ्टर्स’. त्याच नावाचा गायकांचा संघ अमेरिकेत प्रसिद्ध असल्यामुळे १९५९ मध्ये ते सोडावे लागले. परक्या बाजारपेठेचा पहिला आघात असा नावावरच झाला. जुलै १९६० मध्ये जेरी लॉर्डन याने रचलेली ‘अपाची’ ही धून छोट्या तबकडीवर निघाली आणि ब्रिटनमध्ये पाच आठवडे अग्रस्थानी राहिली. तथापि सप्टेंबर १९६१ मध्ये वृंदाची पहिली मोठी तबकडी प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या १४ रचनांत ‘अपाची’ नव्हती! एकदा विकलेली धून ग्राहकाच्या गळ्यात पुन्हा मारू नये, असा तेथील प्रघात होता. त्याच वर्षी चार धुनींच्या मध्यम तबकडीवर ती आली. पण वृंदाच्या मोठ्या तबकडीवर येण्यास १९६३ चा लोकप्रिय धुनींचा संग्रह निघावा लागला. केवळ मोठ्या तबकड्यांवरून या वृंदाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास त्याची सर्वांत प्रसिद्ध कृती तिच्या काळी सापडणारच नाही.

अमेरिकेत चित्र अगदी निराळे. तेथे शॅडोजची ‘अपाची’ प्रसिद्ध होऊनही चालली नाही. १९६१ मध्ये तीच धून योर्गन इंगमन या डॅनिश वादकाने वाजविली आणि ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. अमेरिकी श्रोत्याच्या लेखी ‘अपाची’ म्हणजे इंगमन. पुढे १९६३ मध्ये इंगमनच्याच ‘ॲट्को’ कंपनीने शॅडोजची मोठी तबकडी काढली, ती ‘सर्फिंग विथ द शॅडोज’ या नावाने. लंडनच्या या वादकांचा कॅलिफोर्नियाच्या लाटांशी काडीचाही संबंध नव्हता. संबंध होता तो त्या वर्षीच्या तेथील फॅशनशी. अमेरिकी तबकड्यांत रचनाही सामान्यतः कमी असत. याचे कारण रसिकतेत नसून कायद्यात आहे. १९०९ च्या कायद्याने ठरलेले दोन सेंटचे मानधन प्रत्येक रचनेमागे द्यावे लागे, म्हणून रचना जितक्या कमी तितकी कंपनीची बचत. ब्रिटनमध्ये मानधन विक्रीच्या किमतीच्या प्रमाणात असे व ते रचनांत वाटले जाई. तेथे १४ रचना देण्यात कंपनीचे नुकसान नव्हते.

जपानमध्ये तर अमेरिकेच्या ‘द व्हेंचर्स’ वृंदाच्या बाबतीत गोष्ट निवडीपलीकडे गेली. १९६५ च्या दौऱ्यातील मैफलींची तबकडी त्याच देशासाठी निघाली. पुढे त्यांच्या धुनींना जपानी शब्द मिळाले आणि १९७० साली युको नागिसा या गायिकेचे ‘क्योटो नो कोई’ हे त्यांच्या धुनीवरील गीत तेथे कमालीचे गाजले. येथे प्रादेशिक आवृत्तीतून स्वतंत्र कृतीच जन्मास आली.

पाठभेद ही कल्पना मराठी अभ्यासकास नवी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली, ती उत्तरेच्या व दक्षिणेच्या परंपरा पारखूनच. मात्र साम्य फार ताणू नये. लेखनिकाच्या हातून पाठ पुष्कळदा नकळत बदलतो. तबकडीचा क्रम व्यापारी जाणूनबुजून बदलतो. शिवाय येथे मूळ ध्वनिफीत बहुधा उपलब्ध असते. प्रश्न शुद्ध पाठाचा नसून कोणत्या श्रोत्याच्या हाती कोणता पाठ पडला, याचा आहे.

भारताच्या बाबतीत त्याचे उत्तर बव्हंशी डमडमच्या कारखान्यात शोधावे लागते. ग्रामोफोन कंपनी ही लंडनच्या ई.एम.आय.ची शाखा, आणि शॅडोजचे ब्रिटिश ‘कोलंबिया’ हे नाममुद्रांकनही ई.एम.आय.चेच. त्यामुळे भारतीय श्रोता लंडनच्या परंपरेतला. फरक होता तो गतीचा : ब्रिटनमध्ये ७८ फेऱ्यांची तबकडी मागे पडल्यानंतरही ती येथे निघत राहिली, इतकी की बीटल्सची गीतेही भारतात त्या गतीवर उपलब्ध होती. अशा तबकडीच्या एका बाजूस एकच धून. ज्याच्या घरी जुने यंत्र होते त्याच्यापुढे ‘मोठ्या तबकडीचा क्रम’ हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

मुंबईच्या संगीताविषयी विधाने करताना हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. ‘गुमनाम’ (१९६५) या चित्रपटात टेड लायन्स आणि त्याचा वृंद पडद्यावर दिसतो, तेव्हा त्या गिटारवादनाचे मूळ एखाद्या अमेरिकी मोठ्या तबकडीत दाखविण्याचा मोह होतो. ती तबकडी मुंबईत कोणत्या मार्गाने आली, हे आधी दाखविले पाहिजे. शिवाय मुंबईत विजेची गिटार शॅडोजच्या पूर्वीपासून वाजत होती. लखनौचेच व्हॅन शिप्ली हे त्या वाद्यावर चित्रपटगीतांच्या धुनी वाजवीत आणि पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स त्यांच्या साथीस असत. त्यांच्या तबकड्याही ग्रामोफोन कंपनीच्याच. परंतु त्यांवरील धुनींची निवड मुंबईच्या चित्रपटसृष्टीतून होत होती.