पडद्यावरील जिद्द आणि पडद्यामागील घर

जिद्दी पुरुषांच्या जीवनावरील चित्रपट पाहून आपण घरी परततो तेव्हा मनाला उभारी आलेली असते. दारिद्र्य, उपहास आणि आजारपण यांवर मात करून नायक अखेर ताठ उभा राहतो. आपणही मुलांना सांगतो, ‘माणसाने असे असावे.’ हा बोध खोटा नव्हे. मात्र त्या जिद्दीची किंमत कोणी मोजली, हे विचारण्याची सवय आपल्याला फारशी नाही. एका मराठी चित्रपटाच्या निमित्ताने तो प्रश्न येथे विचारावासा वाटतो.

परेश मोकाशी दिग्दर्शित ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा तो चित्रपट. २००९ साली ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली. नंदू माधव यांनी त्यात धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांची, तर विभावरी देशपांडे यांनी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांची भूमिका केली आहे.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले. छायाचित्रण, जादूचे प्रयोग, छपाई असे अनेक उद्योग त्यांनी केले. गोध्रा येथे त्यांची पहिली पत्नी आणि मूल प्लेगला बळी पडले. पुढे मुंबईत नावारूपाला आणलेला छापखाना भागीदारांशी न पटल्यामुळे त्यांनी सोडून दिला. चाळिशी उलटत असताना हाती व्यवसाय नाही आणि घरी संसार आहे, अशा अवस्थेत १९१०-११च्या सुमारास गिरगावातील तंबूवजा चित्रगृहात त्यांनी एक मूकपट पाहिला. तो होता प्रभू येशूच्या जीवनावरील.

आपल्या वाचकांना या योगायोगाचे अप्रूप वाटेल; पण त्यात केवळ अभिमान मानून थांबू नये. पडद्यावर ख्रिस्तचरित्र उलगडत असताना आपल्या मनश्चक्षूंसमोर श्रीकृष्ण आणि श्रीराम उभे राहत होते, असे फाळके यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत नमूद केले आहे. परक्या भूमीत तयार झालेल्या भक्तिचित्राने त्यांना स्वतःच्या मातीकडे वळविले. एका श्रद्धेने दुसऱ्या श्रद्धेला असे जागे करावे, ही आपल्या सांस्कृतिक इतिहासातील हृद्य घटना होय.

तो चित्रपट पाहायला फाळके पत्नीला घेऊन पुन्हा गेले आणि येथूनच सरस्वतीबाईंची कहाणी सुरू होते. विम्याची पॉलिसी गहाण पडली. चित्रपट सतत पाहून आणि रात्रंदिवस प्रयोग करून फाळके यांच्या डोळ्यांवर विलक्षण ताण आला. काही काळ दृष्टी गेली आणि उपचारांनंतर ती परतली. फेब्रुवारी १९१२मध्ये ते लंडनला गेले, चित्रनिर्मितीचे तंत्र समजून घेतले आणि कॅमेऱ्याची व्यवस्था करून दोनेक महिन्यांत परतले. भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखविली.

दादरच्या राहत्या घरातच कारखाना उभा राहिला. त्या काळी कोरी फिल्म कडांना छिद्रे नसलेली येत असे. अंधारात बसून एकेक छिद्र पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. फिल्म धुण्यातही त्यांचा हात असे. चित्रपटात काम करणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच रांधीत आणि त्यातच मुलांचे संगोपन चाले. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसविण्यात आले. रोहिदासाच्या भूमिकेत फाळके यांचाच मुलगा उभा राहिला. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला, तो असा एका घराच्या श्रमांतून.

मोकाशी यांनी हे सारे हसतखेळत मांडले आहे. घरातील सामान विकले जाते तेव्हाही फाळके दांपत्य रडत बसत नाही. सरस्वतीबाई येथे मुकाट्याने सोसणारी पत्नी नव्हे, तर पतीच्या वेडात सहभागी झालेली सखी आहे. हे या चित्रपटाचे मोठे यश. परंतु तो यशाच्या शिखराजवळ थांबतो. पुढे ‘लंकादहन’ने १९१७मध्ये अमाप लोकप्रियता मिळविली, भागीदारीत कंपनी निघाली, मतभेद झाले आणि फाळके ती सोडून काशीला गेले. तेथून परत येऊन त्यांनी पुन्हा चित्रपट केले. पण बोलपटांच्या युगात त्यांची कला मागे पडली. १९३७चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, ज्या चित्रसृष्टीचा पाया त्यांनी घातला तिच्या झगमगाटापासून दूर, त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू व्हायला १९६९ साल उजाडावे लागले.

जिद्दीची खरी कसोटी पहिल्या विजयापूर्वी लागते की तो ओसरल्यानंतर, असा प्रश्न हा उत्तरार्ध आपल्यापुढे ठेवतो. चरित्रपटाला दोन तासांत सगळे सांगता येत नाही, हे खरे. म्हणूनच उरलेले आयुष्य प्रेक्षकांनी जाणून घ्यायचे असते.

किंमत कोणी मोजली, या प्रश्नाचे उत्तर मराठी चित्रपटाने मात्र फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. प्रभात कंपनीच्या १९३६च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम जितका मनात ठसतो तितकीच गौरी यांची जिजाई. आजारी मुलाला ओढत देवळात नेऊन विठ्ठलावरच पायताण उगारणारी ही माउली, संताच्या घरची चूल कशी पेटत होती याची आठवण करून देते. दामले-फत्तेलाल यांनी तिला कोठेही हिणवलेले नाही. तिचा संताप हाही त्या चरित्राचाच भाग आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या कुटुंबांत जिद्दी पुरुषांच्या कथा आवडीने सांगितल्या जातात आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. मात्र मुलांना फाळके यांच्याविषयी सांगताना, अंधारात बसून फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या सरस्वतीबाईंविषयीही सांगावे. ती छिद्रे नसती तर यंत्रात फिल्म पुढे सरकलीच नसती.