मुठीत मावणारा आधार

समुद्राचा इतिहास लिहिणाऱ्यांनी जहाजांवरच्या तोफा मोजल्या, शिडे मोजली, बंदरात उतरलेला माल मोजला. वादळात जीव मुठीत धरून उभ्या असलेल्या खलाशाच्या मुठीत नेमके काय होते, याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. आजच्या सहलीच्या शिडाच्या नौकेवर कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणू धरणाऱ्याच्या बैठकीच्या, पुढे वारा-पाणी अडवणारी काच असते. तिच्या चौकटीला बसवलेली वीत-दीड वीत लांबीची पोलादी मूठ आम्हाला अशा दुर्लक्षित वस्तूंपैकी एक वाटते. ती तिथे कशी आली, हे पाहू गेल्यास एक मोठा प्रश्न हाती लागतो. माणूस पाण्यात पडला तर चूक कोणाची: पडणाऱ्याची, की नौका बांधणाऱ्याची?

शिडाच्या मोठ्या जहाजांच्या काळात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. शिडे आवळण्यासाठी खलाशी उंच डोलकाठीवर चढत आणि आडव्या काठीखाली बांधलेल्या दोरावर पाय टेकून, पोटावर ओणवे होऊन काम करत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या काठीच्या माथ्यावर एक लोखंडी सळई बसवली जाऊ लागली. तिचे नाव जॅकस्टे. ती मूळची शीड बांधण्यासाठी होती. पण बोटांना तीच सापडली आणि तीच आधार झाली. आजही नौकेच्या डेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या आणि कमरेचा पट्टा अडकवण्याच्या दोरीला जॅकस्टेच म्हणतात. खलाशांमध्ये एक म्हण होती: एक हात स्वतःसाठी, एक हात जहाजासाठी. म्हण शहाणपणाची आहे. पण वाऱ्याने फुगलेले ओले कॅनव्हास एका हाताने आवळता येत नाही. दोन्ही हात जहाजाला दिले आणि तोल गेला, तर दोष म्हण विसरणाऱ्याचा ठरत असे.

या खलाशांत आपल्या किनाऱ्याची माणसेही होती. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पी. अँड ओ.सारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर डेकचे काम करत. त्यांच्यात सारंग, तांडेल, खलाशी अशी उतरंड असे. त्यांना हुकूम नीट समजावेत म्हणून थॉमस रोबक या लष्करी अधिकाऱ्याने १८११ साली कोलकात्यात इंग्रजी-हिंदुस्थानी नौकानयन कोश छापला. उर्दू माध्यमात शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना या कोशाचे अप्रूप वाटते. पण तो वाचताना हेही जाणवते, की खलाशाच्या कानाची सोय आधी झाली, हाताची पुष्कळ उशिरा.

विसाव्या शतकात शिडाची नौका व्यापारातून बाहेर पडली आणि हौसेची व शर्यतींची झाली. तिच्यावर बसणारा माणूस आता मजूर नव्हता, बहुधा मालकच होता. तरी समुद्राने फरक केला नाही. ११ ऑगस्ट १९७९ रोजी इंग्लंडमधील काउझ येथून फास्टनेट शर्यत सुटली. ३०३ नौका निघाल्या. १३ आणि १४ ऑगस्टच्या वादळानंतर ८५ नौकांनीच शर्यत पूर्ण केली. शर्यतीतले १५ जण मरण पावले. त्याच वर्षी चौकशी अहवाल आला. काही जणांनी अंगाला पट्टा बांधलेला होता. परंतु तो पट्टा किंवा तो जिथे अडकवला होता ती जागाच तुटली होती. या माणसांनी निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांनी ज्यावर विश्वास टाकला, ते कच्चे निघाले. दोष पडणाऱ्याचा, हे जुने उत्तर तिथे पुरे पडेना.

उलट उदाहरणही आहे. एरिक ताबार्ली हा फ्रान्सचा सर्वांत नावाजलेला दर्यावर्दी. १९६४ आणि १९७६ साली त्याने एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची शर्यत जिंकली होती. जून १९९८ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यापलीकडे रात्री शीड बदलताना काठीचा तडाखा बसून तो आपल्या शंभर वर्षांच्या जुन्या ‘पेन ड्युक’ नौकेवरून पाण्यात गेला. अंगाला पट्टा नव्हता. जन्मभराचा अनुभवही तोल सावरायला पुरला नाही.

आता काचेकडे वळू. उत्तरेकडच्या थंड समुद्रात कॉकपिटमध्ये बसणाऱ्याला लाटांच्या फवाऱ्यापासून आडोसा लागतो. स्वीडनच्या ओरुस्ट बेटावर बांधल्या जाणाऱ्या हॅलबर्ग-रॅसी नौकांनी पक्क्या चौकटीची काच साठच्या दशकापासून आपली ओळखच करून टाकली. इतर नौकांवर तिच्या जागी नळ्यांच्या कमानींवर ताणलेले कापडी छत असते. दोन्हींचा हेतू वारा अडवणे हाच. पण माणूस कॉकपिटमधून उठून पुढे डेकवर जाऊ लागला, की त्याचा हात आपोआप याच काचेच्या कडेवर किंवा कमानीवर पडतो. चौकट हलकी, अॅल्युमिनियमची. कमानीची नळी बारीक. दोन्ही माणसाचे वजन झेलण्यासाठी केलेल्या नसतात. नौका कलंडली, की सगळा भार त्यांच्यावर येतो.

तोच क्षण सर्वांत धोक्याचा. एक पाय कॉकपिटच्या कडेवर, शरीर उंच झालेले, सुकाणू हातातून सुटलेले आणि पुढचा आधार अजून हाती आलेला नाही. डेकच्या काठाने तारेचे कुंपण असते. शर्यतींच्या नियमांनुसार मोठ्या नौकांवर त्याची उंची किमान ६० सेंटीमीटर असते. म्हणजे उभ्या माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर. शरीराचा तोल कमरेजवळ सांभाळला जातो. त्याच्या खाली लागलेली तार माणसाला थांबवण्याऐवजी उलटा टाकू शकते. म्हणून आधार आतल्या बाजूला, कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर हवा. काचेची चौकट नेमकी तिथेच असते.

मात्र मूठ बसवणे म्हणजे चार स्क्रू पिळणे नव्हे. स्क्रू फायबरमधून उपटून येतो. बोल्ट आरपार न्यावा लागतो आणि आतून भार पसरवणारी धातूची पट्टी लावावी लागते. काचेला हात न लावता, चौकट जिथे नौकेच्या छपराला बांधलेली असते तिथे भार उतरवावा लागतो. छपराच्या पोटात हलके लाकूड भरलेले असेल, तर भोकाची कड इपॉक्सीने बंद करावी लागते. नाहीतर पाणी मुरून ते कुजते. पोलाद आणि अॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले, की अॅल्युमिनियम झिजते; म्हणून मध्ये नायलॉनची चकती हवी. दांडीखाली जाड हातमोजा घातलेली बोटे शिरतील एवढी पोकळी हवी. आणि बसल्या जागेवरून उठण्यापूर्वीच हात तिथे पोहोचायला हवा. यातली एक गोष्ट राहिली, तर मूठ नसण्यापेक्षा वाईट. कारण ती खोटा भरवसा देते.

२००३ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने लहान नौकांवरून माणूस पाण्यात पडू नये आणि पडला तर वर घेता यावा, यासाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. पडणाऱ्याला दोष देणारी म्हण आणि बांधणाऱ्यावर जबाबदारी टाकणारे मानक, यांच्यामधले अंतर कापायला एवढा काळ लागला.

या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो. १९६४ साली मुंबईत पाण्यात उतरलेली ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी नौका. इथल्या सुतारांनी ती बांधली, आणि आखाती अरब खलाशांच्या एका वाऱ्याचे नाव तिला मिळाले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने तिच्यातून १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्याने जगप्रदक्षिणा केली. तिच्याच घाटणीची ‘थुरिया’ गोव्यात बांधली गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेत वादळाने ती उलटवली, तेव्हा अभिलाष टॉमी डोलकाठीला लटकले आणि मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा तुटून खाली आदळले. पाठीचा कणा जबर दुखावला. तरी २०२२-२३ च्या त्याच शर्यतीत ते दुसरे आले.

अशा वादळापुढे काचेवरची मूठ काय करणार, असे कोणी विचारील. तिथे ती अपुरीच आहे. पण पाण्यात जाणारे सगळेच महावादळात जात नाहीत. साध्या वाऱ्यात, ओळखीच्या खाडीत, शीड सैल करायला उठलेल्या माणसाचाही पाय घसरतो. त्या वेळी विचार करायला सवड नसते. हात जे सापडेल ते धरतो. ते पक्के असावे, एवढी काळजी नौका धक्क्याला बांधलेली असतानाच कोणीतरी घ्यायची असते.