खिडकीतून पाहिलेला जिल्हा

नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना रस्ता साकोली ओलांडून गोंदिया जिल्ह्यात शिरतो, कोहमारा आणि देवरी मागे टाकतो आणि छत्तीसगडात उतरतो. इंग्रजी अमदानीत त्याचे नाव ग्रेट ईस्टर्न रोड होते; रायपूर शहरात तो अजूनही जी. ई. रोड म्हणूनच ओळखला जातो. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग ६ झाला आणि आता ५३ आहे. मुंबईहून कलकत्त्याला सायकलने निघालेल्या माणसाला याहून सरळ वाट सापडणे अवघड. पण सायकलवरून जग पाहायला निघालेल्या पहिल्या नामांकित प्रवाशांनी भारतात धरली ती वाट वेगळी होती. उंच चाकाच्या सायकलीवर १८८६ साली आलेला थॉमस स्टीव्हन्स आणि त्यानंतर दहा वर्षांनी निघालेले फ्रेझर, लन आणि लो हे तिघे ब्रिटिश, सगळे उत्तरेच्या ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्याकडे गेले.

झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्याची, वाट अशी बाजूला पडण्यामागे काळाचा एक योगायोग आहे. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी असलेली रोव्हर सायकल इंग्लंडमध्ये १८८५ साली आली, डनलॉपचा हवेचा टायर १८८८ साली. नेमक्या त्याच दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे गोंदियावरून राजनांदगावपर्यंत पोचली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती विकत घेऊन रुंद केली आणि पुढे बंगालपर्यंत नेली. लांब पल्ल्याची सायकल तयार होईपर्यंत या भागातला लांब पल्ल्याचा प्रवासी रस्ता सोडून गाडीत जाऊन बसला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरची आणि दक्षिणेला नागभीडकडची नॅरोगेज लाइन सुरू झाली. गोंदिया जंक्शन झाले. जंक्शनवर माणूस उतरतो तो दुसरी गाडी पकडायला. धानाच्या बांध्या, बोड्या (लहान तळी), मोहाची झाडे, दरेकसाचे डोंगर हे सारे हजारो लोकांनी पाहिले, पण डब्याच्या खिडकीतून.

तिकडे युरोपात या सुमारास सायकलची सुट्टी ही एक रीतसर गोष्ट होऊ लागली होती. १८७८ साली इंग्लंडात सुरू झालेला सायकल-प्रवाशांचा क्लब आपल्या सभासदांसाठी ठरावीक दराची हॉटेले नेमत असे. पंख असलेल्या चाकाचे त्याचे चिन्ह दारावर दिसले, की आत सायकलस्वाराची सोय आहे हे कळायचे. देखावा कितीही सुंदर असला तरी संध्याकाळी पाठ टेकायला जागा आणि सकाळी पंक्चर काढायला सामान लागते. ती व्यवस्था आधी उभी राहिली, मग मास्तर, कारकून, दुकानदार अशी साधी माणसेही आठवडाभराच्या सुट्टीत समुद्र ओलांडून फ्रान्सच्या रस्त्यांवर उतरू लागली.

भारताकडे निसर्गरम्य परदेश म्हणून सायकलवरून पाहणाऱ्यांत फॅनी बुलक वर्कमन आणि तिचा नवरा विल्यम हंटर वर्कमन हे अमेरिकन जोडपे ठळक. अल्जीरिया आणि स्पेन सायकलने पाहून झाल्यावर १८९७ साली ते दक्षिण आशियात आले. त्यांच्या १९०४ सालच्या पुस्तकाच्या नावातच चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे. देवळे, स्तूप, लेणी पाहावीत, डाकबंगल्यात मुक्काम करावा, तो नसेल तर रेल्वे स्टेशनची वेटिंग रूम गाठावी, हा त्यांचा क्रम. फॅनी लांब झग्यात सायकल चालवायची आणि स्त्रियांच्या मताधिकाराची खंदी पुरस्कर्ती होती. पुढे हिमालयात गिर्यारोहणाचे विक्रम तिने केले ते प्रसिद्ध आहेत; पण रोज काट्यांनी फुटणारी चाके घेऊन मैदानी मुलूख तुडवण्याची तिची चिकाटी त्याहून कमी नव्हती.

मग चाक उलट दिशेने फिरले. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण निघाले: आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कपाडिया. सगळे बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे. जवळ नकाशे, होकायंत्र, औषधांची पेटी आणि पंक्चरचे सामान. आतापर्यंत गोरे प्रवासी इथे येऊन आपल्याला पाहत होते. आता हिंदी माणूस त्यांचा मुलूख पाहायला निघाला होता. बलुचिस्तान, इराण, इराक. बगदाद ते अलेप्पो हे ९५६ किलोमीटरचे वाळवंट त्यांनी २३ दिवसांत पार केले. नंतर आल्प्स, इंग्लंड, संपूर्ण अमेरिका, जपान, कोरिया, चीन, इंडोचायना, सयाम, ब्रह्मदेश. वाटेत तिघे एकेक करून गळाले. हकीम, बापासोला आणि भूमगरा १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले, तेव्हा सुमारे ७१,००० किलोमीटर मागे पडले होते. त्यांच्या १९३१ सालच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. परदेशात काळ्या कोटात बोटीवरून उतरणारा बॅरिस्टर त्या काळाला ठाऊक होता. धुळीने माखून, स्वतःच्या पायांच्या बळावर सरहद्द ओलांडणारा हिंदी माणूस नवा होता. म्हणून ही सफर नुसत्या साहसाच्या यादीत टाकून देणे अन्यायाचे आहे. त्याच मुंबईतून फ्रामरोझ दावर १९२४ मध्ये निघाला आणि सात वर्षांनी परतला. सहारा आणि अँडीजही त्याच्या वाटेवर होते. १९३३ मध्ये आणखी तिघे गेले.

झाडीपट्टीत मात्र सायकल आली ती कामाला. दुधाचे कॅन, धानाचे पोते, तेंदूपत्त्याचे पुडे, बाजाराच्या दिवशी कॅरियरवर घरधनीण आणि दांडीवर पोर, हा तिचा संसार. अलीकडे मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळू लागल्या आणि गावापासून दूर असलेली आठवीच्या पुढची शाळा आवाक्यात आली. या जिल्ह्यातल्या सायकलच्या इतिहासात याहून मोठी घटना शोधून सापडायची नाही.

विदर्भातून परदेशी रस्त्यावर सायकल नेण्याची गोष्ट फार उशिरा घडली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजारांहून अधिक किलोमीटरची. त्याच २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी विशीच्या उंबरठ्यावर १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली. या घड्याळाशी लावलेल्या स्पर्धा. रमतगमत देश पाहण्याची सायकलसुट्टी ही त्यांच्यापेक्षा वेगळी चीज आहे.

आणि त्या चिजेला गोंदिया जिल्ह्याइतका योग्य मुलूख महाराष्ट्रात थोडा. कोहमाऱ्याला महामार्ग सोडला की रस्ता नवेगावबांधकडे वळतो. चढ थोडे आणि सावली भरपूर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोहळी समाजाच्या कोलू पाटलाने बांधलेला इथला तलाव सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा आहे. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत त्याच्या काठी वर्षे काढली, त्यावर पुस्तक लिहिले. नागझिऱ्याच्या जंगलावर व्यंकटेश माडगूळकरांनी लिहिले. दोघांनीही हा प्रदेश खिडकीतून पाहिला नाही, म्हणून त्यांच्या लेखणीत तो उतरला.

नवेगावहून अर्जुनी मोरगाव ओलांडून पुढे गेले, की गोठणगावजवळ १९७२ साली वसलेली नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत लागते. धानाच्या शेतांमध्ये प्रार्थनेच्या पताका आणि बौद्ध मठ. हिवाळ्यात इथली बरीच माणसे स्वेटर विकायला दूरच्या शहरांत जातात. जवळच इटियाडोहचे धरण आणि प्रतापगड. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, परसवाडा आणि झिलमिलीच्या तलावांकडे, महाराष्ट्रातले मोजके उरलेले सारस धानाच्या बांध्यांत जोडीने फिरतात. मोटारीच्या आवाजाने ते सावध होतात. सायकल त्यांच्या बरीच जवळ जाऊ शकते, अर्थात घरट्याच्या हंगामात अंतर राखूनच.

चौपदरी झालेला महामार्ग आता सायकलस्वारासाठी नाही. ट्रकांच्या झोतात तिथे चालवण्यात सुख नाही. सुख आहे ते आतल्या गावरस्त्यांवर, रोवणी आटोपल्यापासून कापणी होईपर्यंत आणि पुढे थंडीभर. पंक्चर काढणारा मोठ्या गावाच्या चौकात मिळतो, चहा जागोजाग मिळतो. अडते ते मुक्कामापाशी. तीस-चाळीस किलोमीटरवर एक स्वच्छ खोली, दारात दिशादर्शक पाटी आणि सायकल आत ठेवायची मुभा, एवढी सोय ग्रामपंचायती आणि तलावाकाठचे मच्छीमार मिळून उभी करू शकतात. गोंदिया स्टेशनवर सायकल उतरवून घेणाऱ्याला मग पुढची गाडी पकडायची गरज उरणार नाही.