निकालावर अनुदान आणि पगारावर भत्ता

महात्मा जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला जे निवेदन दिले, त्यातले दोन मुद्दे मला बरीच वर्षे एकमेकांना छेद देणारे वाटत होते. एके ठिकाणी ते म्हणतात की, परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत गोरगरिबांत शिक्षण पसरवण्याच्या कामी उपयोगाची नाही. दुसरीकडे तेच सुचवतात की, ज्या गावच्या शिक्षकाची जास्त मुले पास होतात, त्याला पगाराशिवाय वेगळा भत्ता द्यावा. निकालावर अनुदान नको, पण निकालावर भत्ता हवा, हे कसे?

उत्तर शोधताना मला वीस वर्षे मागे, इंग्लंडात जावे लागले. ही पद्धत तिथलीच.

१८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने तिथे ‘रिव्हाइज्ड कोड’ ही नियमावली आली. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा काय काम करतात, हे मोजायचे होते. हेतूत खोट नव्हती. सरासरी हजेरीवर मुलामागे ४ शिलिंग मिळत. नियमित येणाऱ्या मुलामागे आणखी ८ शिलिंग असत, पण ते वाचन, लेखन आणि गणित यांच्या परीक्षेला बांधलेले होते. एका विषयात मूल नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात.

पुढे काय झाले ते मॅथ्यू अर्नोल्ड यांनी लिहून ठेवले आहे. कवी म्हणून ते परिचित आहेत, पण पोटासाठी त्यांनी पस्तीस वर्षे शाळा तपासल्या. चलाखीने तयारी करून घेतली, तर वाचता न येणारे मूलही वाचनाच्या परीक्षेत पास होऊ शकते, हे त्यांनी आपल्या अहवालांत दाखवून दिले. पुस्तक ठरलेले असे, ते पाठ करून घेतले की झाले. ज्या विषयांवर पैसे मिळत नव्हते, ते मागे पडले. अखेर १८९० च्या दशकात इंग्लंडने ही पद्धत गुंडाळली.

मुंबई इलाख्यात हेच तत्त्व खासगी शाळांच्या अनुदानाला लावले गेले होते. फुल्यांचा आक्षेप मात्र अर्नोल्ड यांच्याहून वेगळा आहे. ते घोकंपट्टीबद्दल बोलत नाहीत, शिक्षकाच्या पोटाबद्दल बोलतात. ज्या समाजात शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे निकालाच्या भरवशावर स्वतःच्या हिमतीने शाळा कोण काढील? त्याचे घर त्यावर कसे चालेल? म्हणून अशा ठिकाणी सरकारनेच शाळा चालवाव्यात, शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना दरमहा किमान १२ रुपये मिळावेत, अशी त्यांची मागणी होती. भत्ता येतो तो या पगारावर, पगाराऐवजी नव्हे.

इथे माझे कोडे सुटले. फुल्यांचा विरोध मोजमापाला नव्हताच. भाकरीच निकालावर टांगली, तर जिथे शिक्षणाची गरज सर्वांत जास्त तिथे कोणी फिरकणार नाही, हे त्यांना दिसत होते. भाकरी सुरक्षित ठेवून निकालाची कदर केली, तर तोच आकडा शिक्षकाला हुरूप देतो.

मी स्वतः काही वर्षे एका कचेरीत टार्गेटवर काम केले आहे. मार्चअखेर आकडा भरावा म्हणून एप्रिलचे काम आम्ही मार्चात दाखवत असू आणि अवघड गिऱ्हाईक टाळत असू. तेव्हा त्याला मी आमचा अप्रामाणिकपणा समजत होतो. आता वाटते, त्या आकड्यावर आमची नोकरीच टिकून होती, हे कारण जास्त खरे. आज शाळेत, दवाखान्यात, बँकेत नवे मोजमाप येते, तेव्हा काय मोजणार एवढेच आपण विचारतो. आकडा घसरला तर माणसाचे काय जाणार, भत्ता की भाकरी, हेही विचारले पाहिजे.